मेलेल्याला मारायचं कसं? फँटसी मालिकेतल्या मृतसेनेचा शेवट लिहिताना

मृतांची सेना उभी करायला फार कष्ट पडत नाहीत. बर्फात उघडलेले निळे डोळे, धुक्यातून पुढे सरकणारी रांग, बाण लागूनही न थांबणारी पावलं, एवढ्यावर पहिला भाग निघून जातो. त्यानंतर प्रेक्षक वर्षानुवर्षं एकच प्रश्न घेऊन मालिका बघतात: हे थांबणार कसं? लेखकाकडे त्याचं उत्तर नसेल, तर शेवटच्या सीझनमध्ये ते कुणापासूनच लपत नाही.

पहिलीच लांब मालिका लिहायला घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमानेच घ्या, विशेषतः पहिल्या दोन. उदाहरणांसाठी काही मालिकांचे शेवट उघड करावे लागले आहेत, ते आधीच सांगून ठेवतो.

पायरी 1: पहिल्या भागाआधी तीन वाक्यं लिहा

माणूस खलनायक असला की लेखकाच्या हाताशी बरंच काही असतं. त्याला लोभ असतो, भीती असते, लेकरंबाळं असतात. त्याला फसवता येतं, विकत घेता येतं, त्याच्याशी तह करता येतो, त्याचं मन पालटता येतं. चालत्या प्रेताला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला काही नको असतं आणि गमवायलाही त्याच्याकडे काही नसतं. लेखकाच्या हातात उरतो तो फक्त नियम: हे का उठलं आणि कशाने पडेल.

आपल्या पुराणकथा सांगणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा राहतो, म्हणजे जितका मारावा तितका तो वाढतो. मग काली ते रक्त जमिनीवर पडूच देत नाही. जरासंधाचे दोन तुकडे पुन्हा जुळतात. कृष्ण गवताची काडी चिरून दोन्ही भाग उलटसुलट दिशांना टाकतो आणि भीमाला काय ते कळतं. दोन्हीकडे शत्रूच्या ताकदीतच त्याच्या मरणाची जागा आहे. नवं शस्त्र कुठून आणावं लागलेलं नाही.

म्हणून कोऱ्या कागदावर तीन वाक्यं लिहा. ही प्रेतं का उठली? कशाने पडतात? पाडणाऱ्याला त्यासाठी काय गमवावं लागतं?

तिसरं वाक्य बहुतेक जण सोडून देतात. किंमत नसेल तर नियम म्हणजे नुसती किल्ली. ती सापडेपर्यंतच गोष्ट चालते, आणि सापडली की कुलूप उघडून सगळे घरी जातात.

एक उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो. एका राज्याने नदीवर मोठा बंधारा बांधला. कामावर शेकडो मजूर मेले. त्यांना भरावातच पुरलं आणि कुणाच्या घरच्यांना काही द्यावं लागू नये म्हणून राजाने हजेरीपट जाळला. वीस वर्षांनी भराव खचतो आणि ते उठून शहराकडे चालू लागतात. तोडले तरी तुकडे सरपटत येतात. नियम असा, की जिवंतपणी ज्याने त्या मजुराला ओळखलं होतं अशा कुणी समोर उभं राहून त्याचं नाव घेतलं, तरच तो पडतो. आणि किंमत अशी, की नाव घेणाऱ्याच्या मनातून तो माणूस कायमचा पुसला जातो.

या तीन वाक्यांनी काय काय ठरवून टाकलं पाहा. तलवारीचं काम संपलं. लढायला सैनिक उपयोगाचे नाहीत. म्हाताऱ्या विधवा हव्यात, भाऊ हवेत, त्या वेळी लहान असलेली मुलं हवीत. प्रत्येक विजय हा एक वियोग झाला. ही माणसं कोण, हे मला वेगळं शोधावं लागलं नाही, नियमानेच ती समोर आणून उभी केली.

पायरी 2: प्रेतांना हेतू नसेल, तर तो जिवंतांमध्ये शोधा

नवे लेखक मृतसेनेच्या म्होरक्याला एखादं भव्य उद्दिष्ट देण्याच्या मागे लागतात. बहुतेकदा ते ‘जगाचा नाश’ याच्या पुढे जात नाही. माझं ठाम मत आहे की तिथे वेळ घालवू नये. मेलेले का उठले, यात जिवंत माणसांचा हात किती, हा प्रश्न जास्त फळ देतो.

‘किंगडम’ ही कोरियन मालिका याचा उत्तम नमुना आहे. जोसन राजवटीच्या काळातली गोष्ट. पहिला सीझन 2019 मध्ये आला, दुसरा 2020 मध्ये, दोन्ही सहा-सहा भागांचे. राजा मेला आहे, पण राणीच्या माहेरचं बलाढ्य घराणं त्याला एका वनस्पतीच्या साहाय्याने पुन्हा उठवून राजवाड्यात साखळदंडात ठेवतं, कारण राणीला मूल होईपर्यंत राजा ‘जिवंत’ असणं त्यांना सोयीचं आहे. राज्यभर पसरलेल्या भयाचं मूळ असं सिंहासनाच्या हावेत आहे. त्यामुळे प्रेतांशी लढणं आणि दरबाराशी लढणं या दोन वेगळ्या गोष्टी राहतच नाहीत; एकीला हात घातला की दुसरी हलते.

आपल्या बंधाऱ्याच्या गोष्टीत हा धागा जाळलेल्या हजेरीपटात आहे. ज्यांना ओळखणारं कुणी उरलेलंच नाही, अशा मजुरांचं काय? दुरून आलेले, एकटे, कुणाशी न बोलणारे. त्यांची नावं घेणार कोण? एक माणूस मात्र आहे. बंधाऱ्यावरचा मुकादम. तो अजून जिवंत आहे, त्याला एकूण एक नाव तोंडपाठ आहे, आणि भरावात माती लोटायचा हुकूम त्यानेच दिला होता. तो वीस वर्षं लपून बसला आहे. हे सुचलं तेव्हा मला शेवट दिसला. त्याकडे पुढे येतो.

पायरी 3: नियम आधी घडताना दाखवा, समजावणं नंतर

आता मोठ्या उदाहरणाकडे येऊ. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर 17 एप्रिल 2011 ला सुरू झाली आणि तिच्या पहिल्या भागाचं पहिलंच दृश्य उत्तर सीमेवरच्या प्रचंड भिंतीपलीकडच्या व्हाइट वॉकरचं, म्हणजे प्रेतं उठवणाऱ्या बर्फाळ जमातीतल्या एकाचं, होतं. म्हणजे या शत्रूचं वचन सिंहासनाच्या खेळाच्याही आधी दिलेलं होतं. एकूण 73 भागांतल्या 70 व्या भागात तो संपला.

तिथपर्यंत नियम कसे पेरले गेले हे बारकाईने बघण्यासारखं आहे. ड्रॅगनग्लास या काळ्या काचेसारख्या दगडाने व्हाइट वॉकर मरतो, हे तिसऱ्या सीझनमध्ये भिंतीवरचा पहारेकरी सॅम याच्या हातून कळतं, आणि तेही भीतीच्या भरात. पाचव्या सीझनमधल्या ‘हार्डहोम’ या भागात सॅमचा सोबती जॉन स्नो याची व्हॅलिरियन पोलाद या दुर्मिळ जादुई धातूची तलवार व्हाइट वॉकरच्या शस्त्राला टक्कर देते. जॉन चकित, समोरचाही चकित. दोन्ही वेळा कुणी भाषण केलेलं नाही. पात्राला आणि प्रेक्षकाला एकाच क्षणी कळतं, आणि असं कळलेलं पक्कं लक्षात राहतं.

सर्वांत निर्णायक नियम मात्र उशिरा आला. व्हाइट वॉकर मेला की त्याने उठवलेली प्रेतं जागच्या जागी कोसळतात, हे सातव्या सीझनच्या सहाव्या भागात, म्हणजे 66 व्या भागात दिसलं. व्हाइट वॉकरांचा म्होरक्या नाइट किंग याला काय हवंय, हे तर 69 व्या भागात, लढाईच्या आदल्या रात्री, भूतकाळ पाहू शकणारा ब्रॅन सांगतो: त्याला हे जग पुसून टाकायचंय आणि ब्रॅन म्हणजे या जगाची स्मृती. ही कल्पना फार मोठी आहे. माणसांची आठवणच मारायला निघालेला शत्रू! पण तिला दोन-तीन सीझन मुरायला मिळाले नाहीत, त्यामुळे ती एका बैठकीतल्या चर्चेपुरती उरली. मला या मालिकेची सर्वांत जास्त हळहळ इथेच वाटते, शेवटच्या घावापेक्षाही.

माझ्या अनुभवात एक हिशोब उपयोगी पडतो. शेवट ज्या नियमावर उभा आहे, तो पूर्ण मालिकेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात एकदा तरी डोळ्यांसमोर घडलेला असावा. त्याचा अर्थ तेव्हा पुरता कळला नाही तरी चालेल. किंबहुना चुकीचा कळला तर आणखी बरं. ‘किंगडम’मध्ये प्रेतं उजाडलं की लपतात, म्हणून सगळे समजतात की त्यांना ऊन सोसत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी कळतं, की त्यांना टाळायची होती ती उष्णता. आणि आता थंडी पडली आहे. नियम बदललेला नाही, माणसांचा समज चुकीचा होता. फसवणूक न करता धक्का द्यायची ही सर्वांत प्रामाणिक रीत.

बंधाऱ्याच्या गोष्टीत दुसऱ्याच भागात एक म्हातारी दारात उभ्या प्रेताला ओळखते आणि नकळत नवऱ्याला हाक मारते. तो कोसळतो. शेजारी धावत येतात आणि ती शांतपणे विचारते, “हा कोण?” नियम आणि किंमत एका दृश्यात आली, आणि कुणी कुणाला काही समजावलेलं नाही.

पायरी 4: एका घावाच्या मोहाला उत्तर द्या

म्होरक्या मेला की सेना कोसळते, ही युक्ती लेखकाला फार सोयीची असते. लाख प्रेतांची अडचण एका सुऱ्याने सुटते. चित्रीकरणाच्या खर्चाच्या दृष्टीनेही ती सोयीची, कारण अखेरीस सगळं दोन पात्रांवर येऊन ठेपतं. म्हणून ती वापरूच नये असं मी म्हणत नाही. वापरायची असेल तर दोन गोष्टी सांभाळा.

घाव कसा बसला, हे पटलं पाहिजे. नाइट किंगला अखेर सुरा खुपसते ती ब्रॅनची बहीण आर्या, आणि तिच्या बाबतीत मला हे काम चोख वाटतं. तो सुरा सातव्या सीझनमध्ये ब्रॅनकडून तिच्याकडे येतो, आणि एका हातातून शस्त्र सोडून दुसऱ्या हाताने झेलायची तिची लकब ब्रिएन या योद्धा स्त्रीबरोबरच्या सरावात, त्याच भागात, दिसलेली असते. 70 व्या भागात ती हुबेहूब तेच करते. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड: घाव घालणारी व्यक्ती आणि तो शत्रू यांच्यात काही नातं हवं. भिंतीवर उभं राहून वर्षानुवर्षं ही भीती वाहिली ती जॉनने; आर्याची वाट वेगळ्याच सूडाची होती. त्यामुळे घाव बिनचूक बसला, तरी बऱ्याच प्रेक्षकांच्या मनात ‘हीच का?’ हा प्रश्न राहिला. अनपेक्षितपणा मिळाला, अपरिहार्यता हातची गेली. दोन्हींतून एकच मिळणार असेल तर मी दुसरी घेईन.

शब्दातली फट हा या मोहाचा चुलतभाऊ. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या, पिशाच्चांशी लढण्यासाठी निवडलेल्या मुलीच्या (‘स्लेयर’च्या) मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, जानेवारी 1998 मध्ये, जज नावाचा एक राक्षस येतो. घडवलेलं कोणतंच शस्त्र त्याला मारू शकत नाही, असं जुनं वचन. बफी रॉकेट लाँचर घेऊन उभी राहते, कारण ते वचन जुन्या काळातल्या शस्त्रांबद्दल होतं. ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, या हिरण्यकशिपूच्या वराचीच ही धाकटी बहीण. पण जज दोन भागांपुरता आला आणि गेला, म्हणून ते खुलून दिसलं. सात-आठ वर्षं ताणलेल्या भीतीचं ओझं अशी फट पेलू शकत नाही.

पायरी 5: शत्रूची ताकद सांभाळा

ही पायरी छोटी आहे, पण इथे चांगले चांगले घसरतात. एकटा असताना जो शत्रू नायिकेला जवळजवळ मारतो, तो शेकड्याने आल्यावर गवतासारखा कापला जातो. ‘बफी’च्याच सातव्या सीझनमध्ये टुरोक-हान जातीचा एक पिशाच्च बफीला लोळवतो, 20 मे 2003 च्या अखेरच्या भागात त्याच जातीचे पिशाच्च भराभर पडतात. तिथे एक खरा आधार आहे: बफीची शक्ती एका मंत्राने जगभरातल्या संभाव्य स्लेयर मुलींमध्ये वाटली जाते. शेवट मला मनापासून आवडतो, कारण ‘एकाच निवडलेल्या मुलीवर सगळा भार’ हा मालिकेचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न त्यातून सुटतो. तरीही तो पहिला पिशाच्च आठवला की तोल ढळलेला जाणवतो. तुमच्या प्रेताला पाडायला पहिल्यांदा काय लागलं ते लिहून ठेवा, आणि अखेरच्या भागाचा खर्डा त्याच्याशी ताडून पाहा.

पायरी 6: मोठी लढाई लिहिताना

‘द लाँग नाइट’ हा ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा 70 वा भाग 28 एप्रिल 2019 ला आला. 82 मिनिटांचा, मिगेल सापोच्निक यांनी दिग्दर्शित केलेला, 55 रात्री चित्रित झालेला. त्यातलं माझ्या मते सर्वोत्तम दृश्य अगदी सुरुवातीला आहे. दोथ्राकी घोडेस्वार पेटत्या पात्यांसह अंधारात घुसतात. आपण गढीवरून बघतोय. दूरवरचे दिवे एक-एक करत विझतात आणि मग शांतता. शत्रू दिसलेलाच नाही. त्यानंतर तासभर जे दाखवलं, त्यातलं फार थोडं या विझत्या दिव्यांइतकं भेदक आहे.

पटकथेत हे लिहिता येतं. आकडा दाखवू नका, परिणाम दाखवा; बघणारा कुठे उभा आहे हे ठरवा; कोण कुठे लढतंय हे वाचणाऱ्याला कागदावर काढता आलं पाहिजे. अंधार हवा असेल तर त्यात एक तरी खूण ठेवा. हा भाग दिसतच नाही अशी तक्रार त्या वेळी असंख्य लोकांनी केली होती.

आणि प्रेतांच्या ढिगाखाली सापडलेलं पात्र पुढच्या क्षणी उभं राहून लढत असेल, असं चार-पाच पात्रांच्या बाबतीत झालं, तर सेना कितीही मोठी असो, प्रेक्षकाचं भय गेलं. कुणाला मारायचं हे आकड्यावर ठरवू नका. किंमत ठरली आहे ना? मग ती कोण फेडणार, हे विचारा.

इथे मुकादमाकडे परत येतो. शहराच्या वेशीवर शेकडो अनोळखी प्रेतं उभी आहेत. मुकादम सापडला आहे. तो एक-एक नाव घेऊ लागला तर शहर वाचेल. पण नियमाप्रमाणे प्रत्येक नावाबरोबर त्याच्या मनातून तो मजूर पुसला जाईल, आणि त्याचबरोबर त्याचा एक-एक गुन्हाही. शेवटच्या नावानंतर तो निष्पाप म्हातारा असेल. आपण काय केलं हे त्याला ठाऊकच नसेल. ज्या मजुराच्या मुलीने त्याला शोधून काढलं, तिला हे मान्य आहे का? आपलं शहर वाचवण्यासाठी ती त्याला विसरू देईल का?

लढाईचा भाग म्हणजे हा निर्णय. सैन्य, मशाली, तुटणारी वेस, सगळं याच्या भोवती. प्रेतांना काही नको होतं. हवं-नको आहे ते या दोघांना.

पायरी 7: नंतर किती भाग ठेवायचे

‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये मृतसेना संपल्यावर तीन भाग उरले होते आणि ते सिंहासनाचे होते. या क्रमाने एक अडचण झाली. सगळ्या मानवजातीच्या अंतापुढे राजा कोण हा प्रश्न क्षुल्लक आहे, असं मालिकेनेच आठ सीझन सांगितलं होतं. मग मोठा प्रश्न आधी सुटला आणि लहान उरला. तुमच्याकडे दोन संघर्ष असतील तर जो मागे राहील त्याच्यावर पहिल्याच्या जखमा दिसल्या पाहिजेत: कोण कमी झालं, कोणाचं मन मोडलं, कोणता करार आता पाळता येत नाही. ते जमत नसेल तर दोन्ही एकाच भागात सोडवा. ‘किंगडम’ने तेच केलं. गोठलेल्या तळ्यावर सगळे वेढले जातात, बर्फ फोडतात, आणि प्रेतांनी चावलेली माणसं पाण्यात बुडून बरी होऊन वर येतात, कारण पाण्यात रोगाचे किडे शरीर सोडतात हे प्रेक्षकांनी आधी पाहिलेलं असतं. राजगादीचा प्रश्नही तिथल्या तिथे निकाली निघण्याच्या वाटेला लागतो.

मुळात शेवट न करण्याचाही पर्याय आहे. ‘द वॉकिंग डेड’ 2010 ते 2022 अशी 11 सीझन आणि 177 भाग चालली आणि प्रेतं संपली नाहीत. ती पावसापाण्यासारखी झाली. माणसं त्यांच्यातून वाट काढत आपसात लढत राहिली. हे पूर्णपणे वैध आहे. अट इतकीच, की ‘हे संपेल’ असं वचन सुरुवातीला देऊ नये.

चौथीही एक वाट आहे, जी पडद्यावर फार थोड्यांनी धरली. वेताळ प्रेतातच राहतो, विक्रम त्याला खांद्यावर वाहतो, तो पुन्हा पुन्हा निसटतो. पंचवीस गोष्टींनंतर तोच वेताळ राजाला कपटी योग्यापासून सावध करतो. तिथे मृताला जिंकण्यापेक्षा त्याचं ऐकणं कामी येतं. एखाद्या नवलेखकाने या वाटेने मृतसेनेची मालिका लिहिली तर मी ती पहिल्या दिवशी बघेन.

पायरी 8: एकदा तपासून घ्या

संहिता न वाचलेल्या एखाद्या मित्राला बसवा. शेवटचे दोन भाग सोडून सगळी गोष्ट तोंडी सांगा. मग विचारा, “आता ही माणसं कशी जिंकतील?” त्याला काहीच सुचलं नाही, तर नियम पुरेसा पेरलेला नाही, पायरी 3 कडे परत जा. त्याने रीत आणि किंमत दोन्ही लगेच ओळखली, तर नियम फार उघडा पडला आहे. रीत ओळखली आणि मग मध्येच थांबून “पण मग तिला हे करावं लागेल…” असं पुटपुटला, तर पहिला भाग लिहायला घ्या.